मोह पुन्हा पुन्हा येतो म्हणजे प्रार्थना कमी पडते का?

खाडीकाठ (रविवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. मी ठाण्याचा, ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मुंबई-ठाणे-वसई भागातला मूळचा) कॅथलिक. नोकरी तुर्भ्याला. इथे सगळ्या धर्मांची माणसं आहेत हे माहीत आहे, तरी प्रश्न ख्रिस्ती अंगाने विचारतोय. सांभाळून घ्या.

आज उपवासकाळाचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) पहिला रविवार. या रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) दरवर्षी एकच प्रसंग वाचतात. येशू रानात चाळीस दिवस उपाशी राहतो आणि सैतान त्याला तीनदा मोहात पाडायला बघतो. यंदा मत्तयाचा ४था अध्याय होता. तलावपाळीजवळच्या आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी ऐकत होतो आणि माझा हात खिशातल्या फोनवर होता.

तीन वर्षांपूर्वी लोकलमध्ये वेळ जावा म्हणून फोनवर पैशांची रमी लावायला लागलो. दहा-दहा रुपयांचे डाव. कोपरखैरणे येईपर्यंत दोन व्हायचे. पुढे तुर्भे आलं तरी उतरावंसं वाटेना, डाव संपवायला सानपाड्यापर्यंत जाऊन उलटी गाडी धरायचो. मग पगार गेला, मग पतपेढीचं कर्ज काढलं, मग आईच्या नावावरची ठेव मोडली. एका रात्री मुलीच्या गल्ल्याकडे माझी नजर गेली आणि मी थांबलो. त्याला दीड वर्ष झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा वाटलं, देवानेच दार लावलं. पण आता अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येतात, बाहेरच्या देशातल्या कुठल्याकुठल्या. मी पुसून टाकतो. गेल्या गुरुवारी एक उघडली. पैसे लावले नाहीत, पण उघडली आणि बराच वेळ बघत बसलो.

माझे प्रश्न: मनात ओढ येणं हेच पाप आहे का? रोज प्रार्थना करूनही ती जात का नाही? आणि ती येते त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करता? कन्फेशनमध्ये (पापकबुलीत) फादरना सगळं सांगितलंय, त्याने हलकं वाटलं. घरी साधारण माहीत आहे.

नेरूळची माई (रविवार, रात्री ११.०५)

बाळा, मोह आला म्हणजे पाप झालं असं नाही. तसं असतं तर आज वाचलेल्या शुभवर्तमानाचं काय करशील? इब्री लोकांस पत्राच्या ४थ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की तो आपल्यासारखाच सगळ्या बाबतीत पारखला गेला, पण निष्पाप राहिला. म्हणजे मोह येणं वेगळं आणि पाप करणं वेगळं.

माझी आजी म्हणायची, फेरीवाला दारावर आला यात तुझा दोष नाही. पण त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलंस की तो टोपली उघडणारच, आणि टोपली उघडली की हात लावून बघावंसं वाटणारच. हव्वेचं तेच झालं. साप बोलला, तिने उत्तर दिलं, बोलणं वाढलं. देवाने फळ खाऊ नका एवढंच सांगितलं होतं, हिने 'हातही लावू नका' हे स्वतःचं घालून सांगितलं. तू गुरुवारी फेरीवाल्याला ओट्यावर बसवलंस. टोपलीतलं घेतलं नाहीस, याबद्दल देवाचे आभार मान. आणि तो नंबर ब्लॉक कर, नुसता पुसू नकोस.

मूळचा नगरी (रविवार, रात्री ११.४०)

सलाम. मी प्रोटेस्टंट, वडील पाळक होते, आता खारघरला असतो.

माईंशी सहमत. याकोबाच्या पत्रात १:१३ ते १५ वाचा. देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, मग वासना गर्भ धरते आणि पापाला जन्म देते. त्यात पायऱ्या आहेत. ओढ ही पहिली पायरी, जन्म त्यानंतरचा. तुम्ही मधे कुठेतरी उभे आहात.

आता येशूने काय केलं ते बघा. तिन्ही उत्तरं बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या एकाच पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. ही वचनं इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या अरण्यवासाबद्दल आहेत. ते लोक भाकरीवरून कुरकुरले, त्यांनी देवाची परीक्षा पाहिली, वासरू घडवून त्यापुढे नमले. ते जिथे जिथे घसरले तिथे तिथे येशू चाळीस दिवसांत उभा राहिला. आणि एकाही उत्तरात तो वाद घालत नाही. सैतान म्हणतो 'तू देवाचा पुत्र असशील तर', त्यावर 'आहेच मी' असं सिद्ध करायला तो जात नाही. एक वाक्य बोलतो आणि थांबतो.

अजून एक. दुसऱ्या वेळी सैतानही वचनच बोलतो, ९१वं स्तोत्र. त्यामुळे नुसती वचनं पाठ आहेत म्हणून माणूस सुरक्षित, असं मी मानत नाही. आमच्या वडिलांच्या मंडळीत सगळ्यात जास्त वचनं पाठ असलेला माणूसच वर्गणीच्या हिशेबात सापडला होता.

तर्कनिष्ठ (सोमवार, सकाळी ७.५०)

मी देव मानत नाही, पण धागा प्रामाणिक आहे म्हणून लिहितो. यात सैतानाला आणायची गरज मला वाटत नाही. हे खेळ माणूस अडकावा अशाच पद्धतीने बांधलेले असतात. कधी जिंकाल याचा नेम नसतो म्हणूनच सुटत नाही, आणि 'थोडक्यात हुकलं' असं वारंवार दाखवतात. दोष तुमच्या आत्म्यात शोधू नका.

उपयोगाचं एवढंच सांगतो. ओढ लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते, उतरते. तिच्याशी झुंजू नका आणि तिचं ऐकूही नका, घड्याळ लावून नुसती बघत बसा. बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते. व्यसनमुक्तीच्या उपचारांत हे शिकवतात. आणि बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

विजयी जीवन (सोमवार, सकाळी ९.१५)

भाऊ, माफ करा, पण इथे मानसशास्त्र कामाचं नाही. तुमचा विश्वास उणा पडतोय. ज्याने पुरतं समर्पण केलं त्याला मोह शिवत नाही. एकवीस दिवस उपास-प्रार्थना करा, येशूच्या नावाने त्या आत्म्याला बांधून टाका, पुन्हा येणार नाही. मी स्वतः सिगारेट अशीच एका रात्रीत सोडली, आज नऊ वर्षं झाली. साक्ष म्हणून सांगतो.

नेरूळची माई (सोमवार, सकाळी ९.४०)

तुमच्या नऊ वर्षांबद्दल देवाची स्तुती असो, मनापासून. पण दुसऱ्याच्या विश्वासाचं माप काढू नका हो. लूकने तोच रानातला प्रसंग लिहिताना शेवटी सांगितलंय, सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत! प्रत्यक्ष प्रभूला तो 'पुन्हा येणार नाही' म्हणाला नाही, तर या पोराला कुठून म्हणेल?

मूळचा नगरी (सोमवार, सकाळी १०.०२)

आणि पौलाचं काय? रोमकरांस पत्र, ७वा अध्याय. जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही, जे नको तेच करतो. हे लिहिणाऱ्याचा विश्वास उणा होता असं कोण म्हणेल?

विजयी जीवन (सोमवार, सकाळी १०.३०)

रोमकरांसचा ८वा अध्यायही वाचा, ७व्यावरच मुक्काम करू नका. पण माई, बोललात ते मनाला लागलं. भाऊ, विश्वासाबद्दल मी जे लिहिलं ते तसं लिहायला नको होतं. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

वसई टू ठाणे (सोमवार, दुपारी १.१०)

तीन वर्षं सेमिनरीत (फादर व्हायच्या शिक्षणाला) होतो, मग बाहेर पडलो, आता ठाण्यात शिकवतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. प्रभूच्या प्रार्थनेतच हा घोळ आहे. आमच्या घरी 'मोहात पडू देऊ नको' म्हणायचे. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमध्ये मत्तय ६:१३ ला 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' आहे. लहानपणी मला वाटायचं ही शाळेची परीक्षा, आणि दहावीच्या वर्षी मी ते वाक्य भारी जोरात म्हणायचो.

मूळ ग्रीक शब्द पेइरास्मोस. त्याचे दोन्ही अर्थ होतात, पारख आणि भुरळ. आपण मराठीत एक निवडतो आणि दुसरा हातातून सुटतो. हा वाद आपल्यापुरताच नाही. फ्रेंच कॅथलिकांनी डिसेंबर २०१७ पासून प्रार्थनेतलं हे वाक्य बदललं, कारण जुन्या शब्दांत देवच मोहात नेतो असं वाटायचं. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस इटालियन टीव्हीवर म्हणाले की पडतो तो मी, देव मला ढकलून मी कसा पडतो ते बघत बसत नाही, बाप असं करत नाही. २०२० मध्ये इटालियन मिस्साग्रंथातही वाक्य बदललं.

मला स्वतःला मात्र दोन्ही अर्थ एकत्र हवेत. तुमची लिंक ही सैतानाच्या बाजूने भुरळ आहे, आणि तीच लिंक देवाच्या हातात पारख होऊ शकते. सोनाराकडे नेलेलं सोनं खोटं ठरवायला नेत नाहीत, खरं आहे हे कळावं म्हणून नेतात.

टाळकरी डोंबिवली (सोमवार, दुपारी ३.२५)

आमच्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू. म्हणजे आमच्यात मोह हा सहांतला एक शत्रू, तुमच्यात मात्र मोह हे सगळ्यांचं दार दिसतंय. तुमच्यात सात पापं आहेत ना? त्यांत मोह कुठे बसतो?

वसई टू ठाणे (सोमवार, दुपारी ४.००)

सुंदर प्रश्न. सात नंतर झाली, आधी आठ होती, आणि त्यांना पाप म्हणत नव्हते, 'विचार' म्हणायचे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने ती यादी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आळस, बढाई, गर्व. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरींनी फिरवून सात केली. म्हणजे 'विचार आला' आणि 'पाप केलं' यातला फरक त्या वाळवंटातल्या लोकांना पक्का ठाऊक होता. विचार येणार की नाही हे आपल्या हातात नाही, त्याला घरात ठेवायचं की नाही हे आहे, असं ते शिकवत.

त्यातल्या आळसाला ते दुपारचा सैतान म्हणत. एवाग्रियसने लिहिलंय, हा आला की संन्याशाला सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, तो सारखा खिडकीतून बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे म्हणून सूर्याकडे बघतो. दुपारी साडेतीनला ऑफिसात बसून फोन चाळणाऱ्या कोणालाही हे वाचून ओळख पटेल. मला तरी पटली.

पापलेट (सोमवार, सायंकाळी ६.४५)

थोडं अवांतर. उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य आणि मासे चालतात. आमच्याकडे त्या दिवशी सुरमई तळतात, कोळंबीची आमटी, वर सोलकढी. सासूबाई म्हणतात हा त्याग. मी म्हणते अशा त्यागाला माझी वर्षभर तयारी आहे.

मूळचा नगरी (सोमवार, सायंकाळी ७.१०)

पापलेटताई, आमच्यात तर शुक्रवारचाही नेम नाही, त्यामुळे न्यायनिवाडा करायचा अधिकार मला नाही. आमंत्रण दिलंत तर येऊन तपासून सांगेन.

आज एक दिवस (सोमवार, रात्री ९.३०)

खाडीकाठ, मी दारू सोडून अकरा वर्षं झाली. मद्यपी अनामिकच्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) सभेला अजून जातो, सभा चर्चच्याच हॉलमध्ये भरते. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला इथे अजून कोणी पुरतं उत्तर दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

'त्या क्षणी काय करायचं' हा प्रश्नच उशिराचा आहे. त्या क्षणी माझ्या हातात फार थोडं असतं. जे करायचं ते अर्धा तास आधी.

आमच्याकडे चार गोष्टी सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातली एक असली तरी सावध, दोन असल्या तर कोणाला तरी फोन. आता रानातला येशू बघ. चाळीस दिवसांचा उपाशी, एकटा, थकलेला. सैतान पहिल्या दिवशी आला नाही. मत्तय लिहितो, त्याला भूक लागली, आणि मग तो परीक्षक आला. मी तेविसाव्या वर्षापासून हे वाचन ऐकतोय, पण सभेला जायला लागल्यावर ते मला कळलं.

माझं उदाहरण देतो. ऑफिस सुटलं की ठाणे स्टेशनवरून घरी जायचे दोन रस्ते. एकावर माझं जुनं दुकान. पहिली दोन वर्षं मी गावदेवीच्या बाजूने वळसा घालून गेलो. बारा मिनिटं जास्त लागायची. पावसात भिजायचो. लोक म्हणायचे, अरे दुकानासमोरून ताठ मानेने जा की, तेव्हा खरा मर्द. मी म्हणायचो, योसेफाने काय केलं? त्याच्या धन्याच्या, पोटीफराच्या, बायकोने भुरळ घालायला वस्त्र धरलं, तर वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. उपदेश करत थांबला नाही. आणि दावीद राजा? राजे लढाईवर जातात त्या दिवसांत हा यरुशलेमात राहिला, संध्याकाळी उठून गच्चीवर फिरत होता. दुसऱ्याची बायको बथशेबा नंतर दिसली. चूक गच्चीवर जायच्या आधीच सुरू झाली होती.

तुझी गच्ची कुठली ते शोध. मला वाटतं, लोकलमधला कोपऱ्यातला बाक. पुढच्या आठवड्यात उभा राहून जा, दारात, हात वरच्या कडीला. एका हाताने रमी खेळता येत नाही.

आणि गुरुवारी यातल्या चारपैकी काय होतं ते आठव.

खाडीकाठ (सोमवार, रात्री १०.१५)

दादा, गुरुवारी दुपारचा डबा खाल्ला नव्हता. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. बायको मुलीला घेऊन माहेरी, विरारला. रात्री अकरा वाजले होते.

चारही होत्या.

दोन मुलांची आई (सोमवार, रात्री ११.५०)

मी कळव्याला राहते. इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण दिवसभर मला राग येतोय.

तुम्ही सगळे खूप छान बोललात. ग्रीक शब्द, वाळवंटातले संन्यासी, योसेफ. पण सगळी चर्चा एका माणसाच्या मनात काय चाललंय त्याबद्दल. त्याच्या घरात अजून माणसं आहेत.

माझा नवरा क्रिकेटवर सट्टा लावायचा. चर्चला नियमित. कन्फेशनला नियमित. मला 'साधारण माहीत' होतं. खाडीकाठदादा, तुमच्या पोस्टमधला तोच शब्द वाचून मी उठून बसले. मलाही त्याने साधारण सांगितलं होतं. चाळीस हजार म्हणाला. मी रडले, माफ केलं, माझ्या बांगड्या मोडल्या, चाळीस हजार फेडले. खरा आकडा तीन लाख दहा हजार होता. उरलेले दोन लाख सत्तर हजार त्याला एकट्याने, गुपचूप, कसेतरी उभे करायचे होते. कसे करणार? पुन्हा सट्टा लावूनच. मी त्याला माफ केलं तो दिवस आणि त्याने सगळ्यात मोठी रक्कम लावली तो दिवस यात सहा दिवसांचं अंतर होतं.

मला कधी कळलं सांगू? शाळेच्या फीची रांग. माझ्या पुढे दोन बायका. कार्ड चालेना. मागची बाई म्हणाली, माझं आधी होऊ दे का? मी बाजूला सरले. धाकटा माझा दुपट्टा ओढून विचारत होता, आई आपली नाही भरायची का?

फादरना सगळं सांगितलं म्हणून तुम्हाला हलकं वाटतं. देवाने माफ केलं, मीही तो संस्कार मानते. पण फादर तुमच्या पतपेढीचे हप्ते भरत नाहीत. घरी सांगा. साधारण नको. कागदावर लिहून, कोणाचे किती, व्याजासकट. अर्धा आकडा सांगणार असाल तर काहीच सांगू नका, कारण उरलेला अर्धा तुम्हाला परत तिथेच नेईल.

नेरूळची माई (मंगळवार, सकाळी ६.३०)

पोरी, तुझं वाचून रात्रीचा रोझरी मी तुझ्या नावाने पुन्हा म्हटला. कशी आहेस आता?

दोन मुलांची आई (मंगळवार, सकाळी ७.१५)

बरी आहे माई. तो दोन वर्षं झाली नीट आहे. पगार माझ्या खात्यात येतो. तो रोज माझ्याकडून दीडशे रुपये मागून घेतो. पहिल्यांदा त्याला लाज वाटायची, मलाही. आता नाही वाटत.

वसई टू ठाणे (मंगळवार, सकाळी ८.४०)

ताई, काल मी शब्दांत रमलो आणि मुद्दा तुम्ही सांगितलात. हेच सोळाव्या शतकात संत इग्नाशियस लोयोलांनी मोह ओळखण्याच्या नियमांत लिहून ठेवलंय. ते म्हणतात, सैतान हा लपून प्रेम करणाऱ्या लबाड पुरुषासारखा वागतो. मुलीने बापाला सांगू नये, बायकोने नवऱ्याला सांगू नये, हीच त्याची धडपड. उघड झालं की त्याचा डाव मोडतो, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो माणसाला आधी गप्प करतो.

त्याच्याच पुढचा नियम: तो सेनापतीसारखा किल्ल्याभोवती फिरतो आणि जी बाजू कच्ची तिथून चढतो. आपल्या ठाण्यात हे समजवायला लांब जायला नको. पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी येऊन घेतला. आज तिथे जेल आहे. खाडीकाठ, तुमच्या तटाची कच्ची बाजू म्हणजे तो 'साधारण' शब्द.

टाळकरी डोंबिवली (मंगळवार, सकाळी ९.०५)

सर, म्हणजे चिमाजीअप्पा सैतानाच्या बाजूला? हे आम्ही कसं चालवून घ्यायचं!

वसई टू ठाणे (मंगळवार, सकाळी ९.१२)

अहो नाही नाही. उपमा फक्त तटाची. चिमाजीअप्पांना मुजरा.

तर्कनिष्ठ (मंगळवार, सकाळी १०.२०)

ताईंच्या पोस्टनंतर माझा एक शब्द मागे घेतो. काल मी लिहिलं की दोष स्वतःत शोधू नका. खेळ बांधणाऱ्यांचा दोष आहेच. पण घरच्यांपासून लपवणं ही गोष्ट त्यांनी बांधलेली नाही. ती आपण करतो. व्यावहारिक सांगतो: फोनमधलं यूपीआय बंद करा, खर्चाला वेगळं छोटं खातं ठेवा, मोठ्या खात्याचं कार्ड घरी.

विजयी जीवन (मंगळवार, दुपारी १२.१०)

मी नऊ वर्षांत बायकोला कधी सांगितलं नव्हतं की अजूनही पावसात टपरीजवळून गेलो की धुराचा वास हवासा वाटतो. काल रात्री सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तू तिथे श्वास रोखतोस.

आज एक दिवस (मंगळवार, दुपारी १२.३०)

दादा, ही खरी साक्ष.

मूळचा नगरी (मंगळवार, रात्री ८.००)

खाडीकाठ कालपासून दिसले नाहीत. ठीक असाल अशी आशा. करिंथकरांस पहिले पत्र, १०:१३ तुमच्यासाठी: सोसवेल त्यापलीकडे देव पारख होऊ देणार नाही, आणि पारखेबरोबर निभावायचा मार्गही तोच काढेल. हे वचन लोक 'सगळं आपोआप बरं होईल' अशा अर्थाने सांगतात, तसं ते नाही. मार्ग तो काढतो, पण पाऊल आपल्याला उचलावं लागतं. आणि ते पत्र एका माणसाला लिहिलेलं नाही, मंडळीला लिहिलंय.

पापलेट (बुधवार, सकाळी ११.००)

शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची भक्ती आहे, नंतर आमच्याकडे या. नगरीभाऊ, तुम्हीसुद्धा. खाडीकाठदादा, तुम्ही घरच्यांना घेऊन या. सुरमई नाही, यंदा पेज आणि लोणचं. सासूबाईंशी बोलणं झालंय, वाचलेले पैसे एका घराच्या शाळेच्या फीला द्यायचे ठरलंय. कोणाच्या ते विचारू नका.

खाडीकाठ (बुधवार, रात्री ११.२५)

मंडळी, सगळं वाचलं. काही दोनदा, ताईंचं चारदा.

सोमवारी रात्री झोप लागली नाही. मंगळवारी उभा राहून गेलो, दारात, दादांनी सांगितलं तसा. घणसोलीला फोन खिशात थरथरला. कोपरखैरणेपर्यंत मी दोन्ही हातांनी कडी धरून होतो. माझ्या शेजारी एक शाळकरी पोरगा होता, तो माझ्याकडे बघून हसला, त्यालाही तसंच लटकायचं होतं बहुतेक. तुर्भ्याला उतरलो. फलाटावर बघितलं तर पतपेढीचा हप्त्याचा मेसेज होता, लिंक नव्हती.

ऑफिसमध्ये दुपारी वहीचं पान फाडून लिहायला बसलो. पतपेढी, आईची ठेव, दोन मित्र, एक कार्ड. मेहुण्याचे घेतलेले मी खरंच विसरलो होतो, ते शेवटी आठवले. बेरीज तीनदा केली, दर वेळी कमी येईल असं वाटायचं.

आज ती विरारहून आली. मुलगी झोपल्यावर कागद टेबलावर ठेवला. तिने दिव्याखाली धरून वाचला. बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, भावाकडून पण? मी हो म्हटलं. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, माझा फोन उचलला आणि म्हणाली, पासवर्ड सांग.

अजून बोलत नाहीये माझ्याशी. कागद तिने बायबलमध्ये ठेवलाय, कपाटात नाही.

दोन मुलांची आई (बुधवार, रात्री ११.४०)

दादा, आकडा पूर्ण लिहिलात?

खाडीकाठ (बुधवार, रात्री ११.४१)

पूर्ण. गल्ल्यातले दोनशे सुद्धा. पहिल्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की नजर गेली आणि थांबलो. नव्हतो थांबलो. तेही लिहिलं.

नेरूळची माई (गुरुवार, सकाळी ६.१०)

बाळा, आज गुरुवार आहे. डबा खा. रात्री दहाला मी फोन करेन, नंबर निरोपात पाठव.